हा ताप जुना की नवा?

नालासोपाऱ्याच्या एका वाचक भगिनीचं पत्र समोर आहे. चार पानी, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं, मधेच शाई बदललेली. म्हणजे एका बैठकीत लिहून झालेलं नाही, हे सांगायला नको. थोडक्यात हकिगत अशी:

'जुलैच्या पहिल्या आठवड्यात ह्यांना थंडी वाजून ताप आला. रक्त तपासलं, व्हायवॅक्स मलेरिया निघाला. तीन दिवसांच्या गोळ्यांनी ताप उतरला. डॉक्टरांनी पुढे चौदा दिवस घ्यायच्या म्हणून दुसऱ्या गोळ्या दिल्या होत्या, त्या ह्यांनी सहाच दिवस घेतल्या. पोटात दुखतं म्हणाले, आणि ताप तर गेलाच आहे, मग कशाला? सप्टेंबरच्या मध्यावर पुन्हा तोच ताप, तीच हुडहुडी. रक्तात पुन्हा व्हायवॅक्स. सासूबाई म्हणतात, गणपतीनंतर मी वाड्याला माहेरी जाऊन आले, ताप मीच आणला. हे म्हणतात, सोसायटीच्या टाकीला झाकण नाही म्हणून झालं, आणि सेक्रेटरींशी कडाक्याचं भांडण करून बसलेत. माझा मावसभाऊ एका लॅबमध्ये आहे. तो म्हणाला, आता जंतूंचे जीन्स तपासून ताप जुना की नवा ते कळतं. अशी तपासणी कुठे होते? मला चौथा महिना आहे. खरं काय ते एकदा कळू दे.'

मैत्रिणींनो, पत्र एकीचं असलं तरी प्रश्न वसई-विरारच्या निम्म्या घरांतला आहे. म्हणून आजचा सगळा मजकूर ह्या एकाच पत्राला देते.

आधी सासूबाईंचं म्हणणं घेऊ, कारण ते सर्वांत सोपं आहे. हिवताप माणसाकडून माणसाला लागत नाही. एका पलंगावर झोपलं, एका ताटात जेवलं, तरी लागत नाही. त्याला अ‍ॅनॉफिलीस जातीच्या डासाची मादी मधे लागते. सर रोनाल्ड रॉस यांनी 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादेत डासाच्या पोटात हे जंतू पाहिले, त्याला सव्वाशे वर्षं होऊन गेली. सुनेच्या रक्तात जंतू असतील, तिला डास चावेल, त्या डासाच्या अंगात जंतू आठदहा दिवस वाढतील आणि मग तोच डास नवऱ्याला चावेल, तेव्हाच सुनेने ताप 'आणला' असं म्हणता येईल. त्यानंतरही ताप चढायला साधारण दोन आठवडे जातात. गणपतीनंतर माहेरी जाऊन आलेल्या सुनेवर सप्टेंबरच्या मध्याचा ताप लादायचा, तर हिशेबच बसत नाही. तरीसुद्धा बाई, तुम्ही एकदा रक्त तपासून घ्या. आळ पुसण्यासाठी नाही, पोटातल्या बाळासाठी. त्याचं पुढे सांगते.

आता खरा प्रश्न. हा ताप जुना की नवा?

आमच्या लहानपणी ह्याला 'पाळीचा ताप' म्हणत. एक दिवस येई, एक दिवस रजा, तिसऱ्या दिवशी ठरल्या वेळी पुन्हा हजर. तीनतीन गोधड्या घातल्या तरी दात वाजायचे, आणि तासाभराने घामाने अंथरूण ओलं. आजी काडेचिराईताचा काढा द्यायची. ताप जायचा, आणि काही महिन्यांनी, कुणी काही वावगं खाल्लेलं नसताना, पुन्हा उभा राहायचा. घरातल्या बायकांना ठाऊक होतं की हा ताप आत कुठेतरी दबा धरून बसतो. कुठे बसतो हे मात्र डॉक्टरांनाही कित्येक वर्षं कळलं नव्हतं.

ते कळलं टप्प्याटप्प्याने. 1948 मध्ये लंडनला शॉर्ट आणि गार्नहॅम ह्या दोघांनी दाखवलं की डासाने सोडलेले जंतू रक्तात वाढण्यापूर्वी आधी यकृतात मुक्काम करतात. ह्यांतले शॉर्ट हिंदुस्थानात बरीच वर्षं नोकरी केलेले डॉक्टर. पुढे 1980 च्या सुमारास क्रोटोस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांना यकृताच्या पेशींत झोपी गेलेले जंतू प्रत्यक्ष दिसले. व्हायवॅक्सचे काही जंतू यकृतात शिरले की लगेच वाढतात आणि पहिला ताप आणतात. काही मात्र तिथेच निजतात. आठवडे, महिने, कधी वर्षसुद्धा. मग एक दिवस जागे होतात आणि नव्या डासाशिवाय ताप येतो. फॅल्सिपेरम जातीच्या मलेरियात ही झोपेची सोय नाही. म्हणून रक्ताचा रिपोर्ट हातात आला की त्यावर जात कोणती लिहिली आहे ते आधी वाचावं. नुसतं 'मलेरिया आहे' एवढ्यावर समाधान मानू नये.

क्लोरोक्विनच्या तीन दिवसांच्या गोळ्या रक्तातल्या जंतूंना मारतात, यकृतात झोपलेल्यांना हात लावत नाहीत. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन. तीच ती चौदा दिवसांची गोळी, जी आपल्या घरोघरी सहाव्या दिवशी कपाटातल्या डब्यात जाते.

ह्या चौदा दिवसांची गोष्ट आपल्या मुंबईतच घडली आहे. कितीतरी वर्षं सरकारी उपचारात ही गोळी पाचच दिवस देत असत. परळच्या के. ई. एम. रुग्णालयातल्या डॉ. नीलिमा क्षीरसागर, डॉ. नित्या गोगटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांचे गट करून पाच दिवसांचा आणि चौदा दिवसांचा उपचार ताडून पाहिला. 1999 मध्ये तो अभ्यास छापून आला. पाच दिवसांच्या गोळ्यांनी उलटणारा ताप काही थांबत नव्हता, चौदा दिवसांच्या गोळ्यांनी थांबत होता. आता राष्ट्रीय उपचारातही चौदा दिवसच आहेत. तेव्हा 'सहा दिवस तरी घेतल्या ना!' ह्या समाधानात फारसा अर्थ नाही.

पण असा अभ्यास करणाऱ्यांसमोर एक अडचण उभी राहते, आणि नेमकी तीच तुमच्याही घरात आहे. मुंबईसारख्या डास असलेल्या गावात रोग्याला महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा ताप आला, तर तो झोपलेल्या जंतूंचा की नव्या डासाचा, हे ठरवायचं कसं? सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही सारखेच दिसतात. तुमच्या मावसभावाने सांगितलेली जीन्सची तपासणी इथे उपयोगी पडते.

स्वेटर विणणाऱ्या बायकांना ही लगेच समजेल. जंतूच्या अंगात आपल्यासारखाच डीएनएचा लांब धागा असतो. त्यावर काही ठिकाणी तीच ती बारीक नक्षी पुन:पुन्हा येते. दोन सुलट एक उलट, दोन सुलट एक उलट, तसं. एका जंतूत ही नक्षी सात वेळा येते, दुसऱ्यात नऊ वेळा, तिसऱ्यात बारा. ह्या जागांना खुणा म्हणू. रोग्याच्या बोटातून थेंबभर रक्त टिपकागदावर घेतात, त्यातला जंतूचा धागा काढतात, हव्या त्या जागेच्या लाखो प्रती करतात (ही प्रती काढायची युक्ती 1983 मध्ये कॅरी म्युलिस यांना सुचली आणि 1993 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं), आणि मग तुकड्याची लांबी मोजतात. लांबीवरून नक्षी किती वेळा आली ते कळतं. जुलैचं रक्त आणि सप्टेंबरचं रक्त असं शेजारी शेजारी ठेवून ताडलं की झालं.

एकाच खुणेवर विसंबून मात्र चालत नाही. लाल साडी काय, लग्नात पन्नासजणी नेसतात. पण लाल साडी, त्याच काठाची, त्याच पदराची, आणि निरीवर उंदराने कुरतडून रफू केलेलं, अशी दिसली तर ती आपल्या जाऊबाईंचीच. म्हणून शास्त्रज्ञ एकदम बऱ्याच जागा तपासतात.

फॅल्सिपेरममध्ये ह्याचा निकाल बराचसा सरळ लागतो. यकृतात झोपलेला कुणी नाही. म्हणजे औषधानंतर थोड्याच दिवसांत परतलेल्या जंतूच्या खुणा आधीच्याच असतील, तर औषधाला पुरून उरलेला जुनाच जंतू, आणि खुणा वेगळ्या असतील तर नवा डास. एखादं औषध निकामी होऊ लागलं आहे का, हे जगभर असंच पाहतात.

व्हायवॅक्सने मात्र ह्या हुशार माणसांनाही चकवलं आहे. सुरुवातीला वाटलं होतं, खुणा जुळल्या की जुना ताप, नाही जुळल्या की नवा. पण 2007 मध्ये थायलंडमधल्या संशोधकांनी छापलेल्या अभ्यासात दिसलं की उलटून आलेल्या तापातले जंतू पुष्कळदा पहिल्या तापातल्या जंतूंपेक्षा वेगळे निघतात! कारण यकृतात निजलेले सगळे एकाच खोलीतले नसतात. एक गेल्या वर्षीच्या डासाने सोडलेला, दुसरा त्याआधीचा. एका डासानेसुद्धा एकाच चाव्यात वेगवेगळे जंतू सोडलेले असतात. डासाच्या पोटात जंतूंची लग्नं लागतात म्हणा ना, आणि त्यांची पिल्लं सख्ख्या भावंडांसारखी असतात, एकाचं नाक आईचं, दुसऱ्याचं बापाचं. जुलैमध्ये थोरला उठला, सप्टेंबरमध्ये धाकटा. खुणा तंतोतंत जुळणार नाहीत, तरी घर एकच.

उलटही होतं. एखाद्या आळीत सगळ्यांनी एकाच दुकानातून साडी घेतली असेल, तर साडी सारखी म्हणून बाई तीच असं नाही. एखाद्या वस्तीत थोड्याच जातकुळीचे जंतू फिरत असतील तर नव्या डासानेही तेच जंतू दिलेले असू शकतात.

म्हणून आताचे जाणकार एका खुणेवर निकाल देत नाहीत. जंतू जुळे आहेत की भावंडं की परके, मधे दिवस किती गेले, रोगी राहतो तिथे डास किती, असं सगळं एकत्र घेऊन 'जुना असण्याची शक्यता इतकी, नव्याची इतकी' असा हिशेब मांडतात. कोलकात्याच्या रुग्णांचे जंतू असे ताडून 2012 मध्ये संशोधकांनी दाखवलं की तिथे दोन्ही प्रकारचा उलटा ताप आहे, काही आठवड्यांत येणारा आणि कित्येक महिन्यांनी येणारा. दिल्लीतही 1998 मध्ये छापलेल्या डॉ. अडक आणि डॉ. शर्मा यांच्या अभ्यासात असेच निरनिराळे नमुने दिसले होते. पापुआ न्यू गिनीतल्या मुलांवरच्या 2015 च्या अभ्यासात तर व्हायवॅक्सच्या दर पाच संसर्गांपैकी साधारण चार यकृतातूनच उठलेले निघाले. आकडा तिथला आहे, तसाच्या तसा नालासोपाऱ्याला लावू नका. पण 'ताप आला की डासच चावला असणार' हे सगळीकडे खरं नाही, एवढं त्यातून कळतं.

तर बाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं. ही तपासणी संशोधनासाठी होते. कोपऱ्यावरच्या पॅथॉलॉजीत तिचा फॉर्म मिळत नाही आणि मिळाला तरी त्यावर उपचार ठरत नाही. शिवाय तुमच्याकडे जुलैचं रक्त कुठे जपून ठेवलेलं आहे? ताडायला दोन्ही लागतात. साध्या हिशेबाने पाहिलं तर पहिल्या तापानंतर दहा आठवडे, चौदातल्या आठ दिवसांच्या गोळ्या घ्यायच्या राहिलेल्या, जात पुन्हा व्हायवॅक्स. माझं मन झोपलेल्या जंतूकडे झुकतं. पण मधे सगळा पावसाळा होता आणि टाकी उघडी होती, तेव्हा नवा डास मी नाकारत नाही. न्यायाधीश होऊन निकाल द्यायला कुणी सांगितलं, तर मी फाईल उघडीच ठेवीन.

निकाल न लावताही घरात करायची कामं ठरलेलीच आहेत, कारण दोन्ही शक्यतांना ती लागू पडतात.

ह्यांना आता चौदा दिवस पहिल्यापासून. 'मागच्या सहा घेतल्या, उरलेल्या आठ घेऊन टाका' असं नाही. मागच्या डब्यातल्या गोळ्या तर नाहीच, डॉक्टरांकडून नव्याने लिहून घ्या. ही गोळी उपाशीपोटी घेतली की पोटात मुरडा येतो. रात्रीच्या जेवणानंतर घेतली तर बहुतेकांना सोसते. आणि कालनिर्णयवर रोज एक फुली मारा. ही युक्ती हास्यास्पद वाटेल, पण विरार लोकलने पहाटे निघून रात्री नऊला परतणारा माणूस गोळी मुद्दाम टाळत नाही, विसरतो. फुली दिसली नाही की मुलंच विचारतात.

मात्र एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहा. काही माणसांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एक द्रव्य जन्मतःच कमी असतं. अशा माणसाला प्रायमाक्विनने रक्तपेशी फुटतात. पारशी मंडळींत आणि काही आदिवासी जमातींत हे जास्त आढळतं, पुरुषांत अधिक, पण कुणालाही असू शकतं. गोळी सुरू असताना लघवी काळ्या चहासारखी झाली, डोळे पिवळे दिसले, चालताना धाप लागली, तर पुढची गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ह्या द्रव्याची रक्ततपासणी असते. गोळी सुरू करण्यापूर्वीच डॉक्टरांना तिच्याबद्दल विचारावं.

आणि नेमाने चौदा दिवस घेऊनही एखाद्याचा ताप उलटतो. प्रायमाक्विनचं कामाच्या औषधात रूपांतर यकृतात व्हावं लागतं, आणि काहींच्या शरीरात ते जन्मतःच नीट होत नाही. तेव्हा 'तूच गोळ्या चुकवल्या असतील' असं कुणालाही, सुनेला तर नाहीच नाही, घाईने म्हणू नये.

शेजारणीच्या नवऱ्याला ही गोळी एकदाच दिली आणि आमच्यांना चौदा दिवस, असं का, हेही एकीने मागे विचारलं होतं. त्यांना फॅल्सिपेरम असणार. तिथे तिचं काम वेगळं असतं, डासाकडे जाणारे जंतू मारण्याचं. म्हणून शेजारणीची चिठ्ठी पाहून आपलं औषध बदलू नये. फॅल्सिपेरममध्ये आणखी एक गंमत होते. पट्टीवर झटपट होणारी तपासणी ताप बरा झाल्यावरही काही आठवडे 'आहे' असंच दाखवत राहू शकते. अशा वेळी घाबरून दुसऱ्यांदा औषध घेण्याआधी काचेवर रक्त तपासून मागावं.

आता तुमचं, बाई. प्रायमाक्विन गरोदर बाईने घ्यायची नाही, म्हणजे नाही. तान्ह्या बाळाला देत नाहीत, आणि अंगावर पाजणाऱ्या आईने 'मी पाजते आहे' हे डॉक्टरांना आधी सांगायचं. गरोदरपणात मलेरिया झाला तर रक्त फार उतरतं, बाळ कमी वजनाचं होतं. म्हणून ताप आला की 'दिवस आहेत म्हणून अंग कसकसतं' असं म्हणून घरी थांबू नका. त्याच दिवशी रक्त द्या, आणि कुठलीही मलेरियाची गोळी घेण्यापूर्वी द्या, कारण गोळीनंतर जंतू सापडत नाहीत. व्हायवॅक्स निघालाच तर क्लोरोक्विन गरोदरपणात चालतं. झोपलेल्यांचा बंदोबस्त बाळंतपणानंतर कधी करायचा, हे तुमचे डॉक्टर सांगतील. सरकारी दवाखान्यात ही तपासणी आणि औषध दोन्ही फुकट आहेत. मच्छरदाणीत रोज झोपा, दुपारचं झोपत असाल तर दुपारीही.

राहिले सेक्रेटरी. ताप त्यांच्या टाकीचाच असं सिद्ध होणार नाही, पण झाकण नाही ही त्यांची चूक आहेच. आपल्याकडे शहरात मलेरिया पसरवणारा डास आहे स्टीफेन्सी, आणि त्याला गटार नको, स्वच्छ पाणी हवं. गच्चीवरची टाकी, टँकर आला की भरून ठेवलेलं पिंप, नव्या टॉवरच्या स्लॅबवर साठवलेलं पाणी. मुंबईत 1911 साली डॉ. बेंटली यांनी सरकारला अहवाल दिला, तेव्हा त्यांचं बोट होतं विहिरींकडे. त्या बुजवायच्या की झाकायच्या ह्यावर तेव्हा धर्मापर्यंत वाद गेले होते. सोसायटीच्या मीटिंगमधलं भांडण काही नवं नाही, म्हणून सांगितलं.

वसईच्या वाड्यांतल्या बावखलांवर मात्र हल्ली उगाच राग काढतात आणि बिल्डरला ते सोयीचं पडतं. ज्या बावखलात मासे आहेत, काठ साफ आहेत, तिथे डासांच्या अळ्या माशांच्या पोटात जातात. गप्पी मासे सोडता येतात. बावखल बुजवून त्यावर झाकण नसलेल्या दहा टाक्यांची इमारत उभी राहिली, तर डासांचा तोटा होत नाही.

अंड्यापासून डास व्हायला आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक वार ठरवून पिंपं, बादल्या, फ्रिजखालचा ट्रे, कुंड्यांच्या बश्या रिकाम्या करून घासून कोरड्या करायच्या. नुसतं पाणी ओतून भागत नाही, आतली कड घासायची. पाणी एक दिवसाआड येणाऱ्या घरात हे सांगणं सोपं आणि करणं अवघड आहे, हे मला ठाऊक आहे. निदान पिंपाच्या तोंडाला जुन्या सुती साडीचं दुपदरी फडकं दोरीने घट्ट बांधा. तेवढ्यानेही डास आत शिरत नाही. सेक्रेटरींना भांडून झालेलं नाही, तर सोसायटीच्या नावे लेखी अर्ज द्या, मजल्यावरच्या चारजणींच्या सह्या घेऊन.

आणि एक वही करा. त्यात तापाची तारीख, रिपोर्टवर लिहिलेली जात, गोळ्या कोणत्या आणि किती दिवस, मधल्या काळात कुठे मुक्काम झाला, एवढंच लिहायचं. पुढच्या वेळी (न येवो) डॉक्टरांसमोर ती उघडली, तर जीन्सच्या तपासणीशिवायही त्यांना पुष्कळ काही दिसेल. पानावर सासूबाईंची तापाची हकिगतही लिहून घ्या. त्यांच्या लहानपणी त्यांना पाळीचा ताप आला होता का, विचारून पाहा. बहुतेक आला असेल, आणि बोलणं त्या निमित्ताने सुरू होईल.

बोईसरच्या भगिनींच्या लोणच्यावरच्या बुरशीचं उत्तर जागेअभावी राहिलं. ते पुढच्या अंकी.